घरून व्यवसाय करणाऱ्यांनो, तुमचा दिवस संपतो कधी?

पानजुळणी | रविवार, रात्री १२:५०

मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. आधी आठ वर्षं एका छापखान्यात नोकरी केली, गेली सहा वर्षं घरूनच स्वतःचं काम करते आहे. कामाला तोटा नाही, माणसं चांगली भेटली आणि काम मनापासून आवडतं. तरी आज लिहायला बसले, कारण परवाचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये.

मुलीने चित्रासाठी पाठकोरा कागद मागितला. माझं लक्ष स्क्रीनवर होतं. टेबलावरच्या ढिगातला हाताला आला तो कागद काढून दिला. संध्याकाळी सातव्या प्रकरणाचं प्रूफ तपासायला घेतलं तर पान १४३ गायब. तासभर शोधलं. शेवटी ते तिच्या वहीत सापडलं. एका बाजूला लेखकाच्या लाल शाईतल्या दुरुस्त्या, दुसऱ्या बाजूला तिने रंगवलेलं जहाज. मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "तूच तर दिलास. तू बघितलंच नाहीस."

तिचं खरं होतं. मी कागदही बघितला नव्हता आणि तिच्याकडेही.

छापखान्यात संध्याकाळी मशीन थांबायचं. दिवसभराचा तो खडखडाट थांबला की कान एकदम मोकळे व्हायचे, हाताची शाई धुतली की दिवस संपला. घरी काहीच थांबत नाही. मागच्या आठवड्यात मी वेळ लिहून ठेवला. टेबलापाशी ६१ तास बसले. त्यातली प्रत्यक्ष मांडणी ३४ तास. बाकीचे २७ तास निरोप, फोन, फायली शोधणं, केलेलंच परत उघडून बघणं आणि "जरा एवढं एकच करते" यात गेले.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दिवस संपवता कसा? आणि ज्या कामाला खरं डोकं लागतं त्याचे तास राखता कसे?

---

हातशिलाई | सोमवार, सकाळी ६:२०

पानजुळणीताई, तुम्ही धागा रात्री १२:५० ला काढलाय, हे आधी सांगते. मीही त्या वेळेला जागी असायची, म्हणून दिसलं.

मी शिवणकाम करते, घरातल्या पुढच्या खोलीत. बावीस वर्षं झाली. माझा एकच पक्का नियम आहे: दिवेलागणीनंतर नवीन कापडाला कात्री लावायची नाही. शिवण चुकली तर उसवता येते, टाका परत घालता येतो. कापड चुकीचं कापलं गेलं तर ते गिऱ्हाइकाचं कापड असतं, परत जोडता येत नाही. हा नियम करायच्या आधी एकदा रात्री दहाला घाईत बेतायला घेतलं आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. कापड जेमतेम होतं. ते घेऊन गिऱ्हाइकापुढे उभं राहताना जे वाटलं ते अजून विसरले नाही.

तेव्हापासून मी काम तातडीप्रमाणे लावत नाही, चूक किती महाग पडेल त्याप्रमाणे लावते. बेतणं आणि कापणं सकाळी, घरातले उठायच्या आत. सरळ शिवण दुपारी, मध्ये कुणी आलं-गेलं तरी चालतं. तुरपाई, काज-बटण, धागे कापणं संध्याकाळी. मन दमलेलं असलं तरी हात ती कामं करतात. तुमच्या कामातही अशी उतरंड असणार. कशातली चूक छापून गेली की परत घेता येत नाही, ते सकाळी करा.

दिवस संपवायचं म्हणाल तर मशीनच्या दाबपट्टीखाली चिंधी ठेवते, पट्टी खाली सोडते, वायर काढते, वर कापड टाकते. दोन मिनिटं लागतात. एकदा कापड टाकलं की परत काढत नाही. कुणी दाराशी आलं तरी "उद्या" म्हणते.

---

खतावणी | सोमवार, सकाळी १०:०५

मी लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहितो, घरूनच. मला तुमच्या लिखाणात सगळ्यात मोलाचे वाटले ते दोन आकडे, ६१ आणि ३४. बहुतेकांना हे आकडे माहीतच नसतात.

पण ते २७ तास वाया गेले असं धरू नका. तो धंद्याचा खर्चच आहे, फक्त तुमच्या दरात तो आलेला नाही. दर ठरवताना ३४ तास धरून ठरवला आणि काम ६१ तास केलं, तर तुमचा खरा दर निम्म्याच्या जवळपास येतो. मग तेवढेच पैसे मिळवायला आणखी काम घ्यावं लागतं आणि रात्र वाढत जाते. रात्री उशिरापर्यंत काम चालतं त्याचं मूळ पुष्कळदा दरात असतं. शिस्त कमी पडते म्हणून माणूस स्वतःला बोल लावत राहतो आणि दराकडे बघतच नाही.

एक विचारू? प्रूफाच्या किती फेऱ्या तुम्ही ठरलेल्या दरात करून देता?

---

पानजुळणी | सोमवार, दुपारी २:१५

हातशिलाईताई, उतरंडीचं लगेच पटलं. आमच्याकडे फाइल छपाईला सोडणं ही तुमची कात्री. मी ती कायम रात्रीच सोडते, कारण दिवसभरात ती "तयार" होते. आजपासून सकाळी.

खतावणी, फेऱ्या ठरवलेल्याच नाहीत. लेखकाचं समाधान होईपर्यंत. एका पुस्तकाच्या नऊ झाल्या. पण लेखकाला पुस्तक म्हणजे जीव की प्राण असतं हो. चौथ्या फेरीला पैसे मागायचे म्हणजे मला कसंसंच होतं.

---

खतावणी | सोमवार, दुपारी ३:४०

कसंसं होणार, ते मान्य. चौथ्या फेरीला मागितले तर होणारच, कारण तोवर समोरच्याने फुकट गृहीत धरलेलं असतं. कामाच्या आधी लिहून दिलं तर तेच वाक्य साधं वाटतं. "या दरात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत. त्यापुढच्या प्रत्येक फेरीचे पानाप्रमाणे वेगळे पैसे होतील." एवढंच. याचा फायदा लेखकालाही होतो. दोनच फेऱ्या आहेत म्हटल्यावर तो सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून देतो. नाहीतर सुचेल तशा एक-एक पाठवत बसतो.

दुसरी गोष्ट पैशाचीच. धंद्याचं खातं आणि घरखर्चाचं खातं वेगळं करा. सगळी जमा धंद्याच्या खात्यात, आणि महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला स्वतःला ठरलेली रक्कम, नोकराला देतो तशी. चांगल्या महिन्यातलं उरलेलं तिथेच राहू द्यायचं. निदान तीन महिन्यांची रक्कम तिथे साठली की माणसाचा "नाही" म्हणताना आवाज बदलतो. मी हे अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. रिकाम्या महिन्याची धास्ती असते तोवर आलेलं प्रत्येक काम घ्यावंसं वाटतं, मग वेळापत्रक कितीही सुंदर लिहा.

आणि ६१ तासांबद्दल काळजीने सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त आढळला. नोकरीत निदान कुणीतरी "आता घरी जा" म्हणतं. आपल्याला कुणी म्हणत नाही.

---

दोन_पाळ्या | सोमवार, रात्री ९:३०

सगळं वाचलं, पटलंही. पण एक सांगायचंय. असे सल्ले देणाऱ्या बहुतेकांच्या खोलीला दार असतं. माझ्याकडे दार नाही. मी अनुवाद करते, दोन लहान मुलं आहेत, आणि सासूबाईंना उठायला-बसायला आधार लागतो. मला सलग दोन तास शेवटचे कधी मिळाले ते आठवत नाही. "सकाळचे चार तास राखून ठेवा" असं कुणी म्हटलं की मला रडू येतं.

म्हणून मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. तास राखता येत नाहीत, तर काम तुटतं त्या जागेची काळजी घ्यायची. हाक आली की मी लगेच उठत नाही. "आले, अर्धा मिनिट" म्हणते आणि त्या अर्ध्या मिनिटात वहीत लिहिते: आत्ता कुठे आहे, पुढचं वाक्य काय करणार होते, कोणता शब्द अडलाय. मग उठते. परत आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं "मी कुठे होते" यात जायची, ती वाचतात. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. नंतरच्या अभ्यासात त्यांना असंही दिसलं की उठण्याआधी "परत आल्यावर काय करायचं" हे लिहून ठेवलं तर ते अडकणं कमी होतं. मी वाचलं तेव्हा वही सुरू करून वर्ष झालं होतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. मूल हाक मारतं तेव्हा मी आता खरंच त्याच्याकडे जाते. डोक्यात वाक्य धरून ठेवायचं नसतं, ते वहीत असतं.

मुलांसाठी खूण केली आहे. खुर्चीच्या पाठीला लाल रुमाल असेल तर फक्त रक्त, पडणं किंवा आजी, एवढ्यासाठीच हाक मारायची. रुमाल काढला की मी पूर्ण त्यांची. पहिला आठवडा रुमालाला काही किंमत नव्हती, कारण रुमाल काढल्यावरही मी फोन बघत होते. मोठा म्हणाला, "आई, रुमाल नाहीये." तेव्हापासून मी माझी बाजू पाळली आणि त्यांनी त्यांची. रुमाल एका वेळी चाळीस मिनिटांच्या वर ठेवत नाही. पाच वर्षांच्या मुलाला त्यापुढे धीर धरवत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

---

हातशिलाई | सोमवार, रात्री ९:५०

दोन_पाळ्या, बाळा, दाराचं तू बोललीस ते बरं झालं. माझ्याकडेही पहिली दहा वर्षं दार नव्हतं. सकाळी घरातले उठायच्या आत काम करते म्हणून मी किती सहज लिहून गेले. ते माझी मुलं मोठी झाल्यावरचं आहे.

---

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ८:१०

मी इथे फारसा लिहीत नाही. पण पानजुळणी, तुमचं "तू बघितलंच नाहीस" वाचून राहवलं नाही.

मी संकेतस्थळं बनवायचो. तीन वर्षांपूर्वी चार महिने सगळं बंद ठेवावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'चं वर्णन नक्की केलं. त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटलंय. त्यात तीन खुणा सांगितल्यात: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि हातून काम नीट होत नाहीसं होणं. मी पहिलीची वाट बघत होतो. दमलो की थांबू, असं मनाशी होतं. प्रत्यक्षात दुसरी आधी आली. जुन्या, चांगल्या ग्राहकाचा निरोप आला की पोटात राग यायचा. उघडायच्या आधीच. त्या बिचाऱ्याने फक्त "कसं चाललंय?" विचारलेलं असायचं.

घरून काम करणाऱ्याला हा राग दुसरीकडे कुठे ठेवायला जागा नसते. तो घरातल्यांवर निघतो. कुणाला स्वतःत हे दिसत असेल तर कृपा करून आधी कुणाशी तरी बोला, डॉक्टरांशी बोला. वेळापत्रक नंतर सुधारा.

---

उंबरठा | मंगळवार, दुपारी १:००

अर्धविराम, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

माझं थोडं वेगळं मत मांडतो. दिवस ठरलेल्या वेळी संपवायचा, हे सगळ्यांना लागू होत नाही. माझे ग्राहक दुसऱ्या खंडात आहेत. त्यांची सकाळ ती माझी रात्र. मी दोन वर्षं "सहानंतर काम नाही" पाळायचा प्रयत्न केला आणि रोज स्वतःला अपराधी ठरवलं. आता मी दिवस मोजत नाही, आठवडा मोजतो. दुपारी बारा ते चार माझे, घराचे. रात्री काम. आठवड्यातून एक अख्खा दिवस बंद, आणि ग्राहकांना तो आधीपासून माहीत असतो. माझी सीमा दिवसाच्या मध्यावर आहे, पण ती आहे.

कुणी बोललं नाही म्हणून एकटेपणाबद्दलही लिहितो. नोकरीत शेजारच्याला "हे बघ ना जरा" म्हणता यायचं. घरी ते नाही, आणि दुसरं मत नसल्यामुळे मी एकेका निर्णयावर तासन्‌तास घालवायचो. तुमचं "केलेलंच परत उघडून बघणं" बहुधा तेच आहे. याच धंद्यातल्या एका मित्राशी मी दर बुधवारी अर्धा तास फोनवर बोलतो. मी माझी अडलेली एक गोष्ट सांगतो, तो त्याची. चार वर्षं चालू आहे. माझ्या कामाला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याही ॲपचा झाला नाही.

---

नवी_पाटी | मंगळवार, सायंकाळी ७:२५

मी दोनच महिन्यांपूर्वी सुरुवात केली आहे. घरी बसून मुलांच्या शिकवण्या घेते, ऑनलाइन. तुम्हा सगळ्यांना काम जास्त आहे. मला अजून पुरेसं नाही. मग रिकामा वेळ मिळाला की वाटतं, काहीतरी करायला हवं, आणि दिवसभर फोन घेऊन बसते. दमते खूप, झालेलं काही दिसत नाही.

---

खतावणी | मंगळवार, रात्री ८:१५

नवी_पाटी, काम शोधणं हेही काम आहे, त्याला तास द्या. रोज दीड तास फक्त तेवढंच: कुणाला फोन केला, कुणाला लिहिलं, कुणाचं उत्तर बाकी आहे, हे एका पानावर. दीड तास झाला की पान बंद. सिरिल पार्किन्सन यांनी १९५५ साली लिहिलं होतं की काम हाताशी असलेल्या वेळाइतकं फुगतं. तुमच्याकडे सध्या काम थोडं आणि वेळ पुष्कळ, त्यामुळे तुम्हाला ते सगळ्यात जास्त जाणवणार. उरलेला वेळ विषयाची तयारी करण्यात घालवा, किंवा मोकळा सोडा. मोकळा सोडलात तरी अपराधी वाटून घेऊ नका. पुढे तो मिळणार नाही.

---

पानजुळणी | मंगळवार, रात्री ८:४०

अडचण एका लेखकाची आहे. फार मोठ्या मनाचे गृहस्थ, पण रात्री अकराला आवाजी निरोप पाठवतात, एकामागून एक सात-आठ. मी ऐकते, कारण न ऐकता झोप लागत नाही. त्यांना दुखावायचं नाही. काय लिहू?

---

दोन_पाळ्या | मंगळवार, रात्री ९:१०

मी असं लिहिलं होतं, लागलं तर घ्या:

"नमस्कार. तुमच्या दुरुस्त्या माझ्या हातून सुटू नयेत म्हणून एक विनंती. आवाजी निरोपातला पान क्रमांक कधी कधी निसटतो. दिवसभरात सुचलेल्या दुरुस्त्या पान क्रमांकासह एकत्र लिहून पाठवाल का? मी रोज सकाळी दहा वाजता त्या बघते आणि झाल्या की कळवते."

संध्याकाळनंतर पाठवू नका, असं मी कुठेही म्हटलं नाही. आपण कधी बघणार एवढंच सांगितलं. त्यांनी रात्री पाठवलं तरी त्यांच्या मनाला घोर नाही, सकाळी दहाला बघितलं जाईल हे त्यांना माहीत असतं.

आणि झोपेबद्दल. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली ५७ तरुणांवर प्रयोग झाला होता. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. प्रयोग छोटा आहे, पण माझ्या बाबतीत तरी तसंच होतं. "अनुवाद पूर्ण करणे" असं लिहिलं तर डोकं चालूच राहतं. "तिसऱ्या परिच्छेदातली म्हण सोडवणे" असं लिहिलं की शांत होतं.

---

पानजुळणी | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सायंकाळी ५:१०

काय काय झालं ते कळवते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत.

या आठवड्यात टेबलापाशी ४९ तास. त्यातली मांडणी ३६. म्हणजे मांडणी दोन तासांनी वाढली आणि एकूण बारा तास कमी झाले. सगळ्यात जास्त वाचले ते निरोपांचे तास. ते आता सकाळी दहा आणि दुपारी चार, दोनदाच बघते. रात्रीच्या लेखकांना दोन_पाळ्या यांचा मजकूर जवळजवळ तसाच पाठवला. त्यांनी लगेच होकार दिला आणि आता स्वच्छ अक्षरात यादी पाठवतात. मी सहा वर्षं उगाच घाबरत होते.

दोन फेऱ्यांचं वाक्य नवीन तीन कामांना घातलं. दोघांनी काही न बोलता मान्य केलं. तिसरे जुने ओळखीचे, त्यांना लागलं, ते काम दुसरीकडे घेऊन गेले. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण वाक्य काढलं नाही.

संध्याकाळी चालायला जायचं ठरवलं होतं, ते टिकलं नाही. चार दिवस गेले, मग पाऊस लागला तो लागलाच.

टिकलं ते वेगळंच. हातशिलाईताईंच्या कापडासारखं काहीतरी मला हवं होतं. मी दोन उघडे ट्रे आणले. साडेसहाला मुलगी आणि मी टेबलावरचा ढीग खाली घेऊन बसतो. चालू प्रूफं एका ट्रेमध्ये, पानांच्या क्रमाने. निकाली प्रूफं दुसऱ्यात, पाठकोरी बाजू वर करून. तो ट्रे तिचा. प्रत्येक पान टाकायच्या आधी ती विचारते, "हे जिवंत की झालेलं?" आणि मला पान बघावंच लागतं. पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर स्क्रीन उघडत नाही. दोनदा उघडली, तिने दोन्ही वेळा पकडलं.

पान १४३ वरच्या दुरुस्त्या दुसऱ्या कागदावर उतरवून घेतल्या. जहाज भिंतीवर लावलंय.

शनिवार-रविवार मात्र अजून जमलेला नाही. आजही सकाळी चार तास बसले.

---

उंबरठा | शनिवार, सायंकाळी ६:००

दोन्ही दिवस एकदम सोडवू नका. मी पहिले सहा महिने फक्त रविवारी दुपारनंतरचा वेळ सोडवला होता. तेवढा पक्का झाला की सकाळ. आणि सोमवारचं पहिलं काम शनिवारीच, दोन_पाळ्या सांगतात तसं, तपशिलात लिहून ठेवा. माझा रविवार सोमवारच्या काळजीनेच खाल्ला जायचा.

---

हातशिलाई | शनिवार, सायंकाळी ६:१०

साडेसहा होत आलेत, ताई. ट्रे घ्या खाली.